गफूरचाचा आणि योग्य ती नळी

परळी आणि पंचक्रोशीतील तमाम नागरिकांस, लहानथोरांस, लग्न झालेल्यांस आणि न झालेल्यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नळी आणि नळी यांत फरक असतो. ही गोष्ट कोणीही हसण्यावारी नेऊ नये. ज्यांनी नेली त्यांचं पुढे काय झालं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांच्यापैकी एकाच्या शेजारच्या खुर्चीवर मी अठरा वर्षं बसलो आहे.

हा फरक मला गफूरचाचांनी शिकवला. स्टेशनकडून बाजारात येताना डाव्या हाताला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा फुटांची एक खोली आणि तिच्यात छतापासून लोंबणारी नळ्यांची वेटोळी. काळ्या, हिरव्या, दुधी, पारदर्शक, सुतळीच्या जाळीच्या, तारेच्या कण्याच्या. प्रथमच आत शिरणारा माणूस उगाचच वाकून चालायचा. परळीत वीज केंद्राची राख सगळ्यांवरच बसते, पण चाचांच्या नळ्यांवर ती कधी दिसायची नाही. ते दिवसभर एक ओलं फडकं घेऊन नळ्या पुसत असत. उंच, हडकुळे, पांढरी टोपी, डोळ्याला जाड चष्मा, आणि डावी बाही सदैव मनगटापर्यंत बटण लावून बंद. उन्हाळ्यातसुद्धा.

गिऱ्हाइकानं "नळी द्या" म्हटलं की चाचा हातातलं फडकं खाली ठेवत आणि विचारत, "आतून काय जाणार हाय?"

गिऱ्हाईक म्हणे, पाणी. मग चाचांची चौकशी सुरू. कसलं पाणी, बोरचं का नळाचं? थंड का तापलेलं? नळी उन्हात पडणार का सावलीत? वरून बैल जाणार का मोटरसायकल? वापरून झाल्यावर गुंडाळून ठेवणार का तशीच टाकणार? खरं बोला. लोक लग्न जमवतानासुद्धा एवढे प्रश्न विचारत नाहीत. काही जण वैतागून समोरच्या प्रकाशशेठच्या दुकानात जात. तिथं बोट दाखवलं की नळी मिळे. चाचा त्या दुकानाकडे पाहतसुद्धा नसत. वीस वर्षं समोरासमोर बसून त्यांनी प्रकाशशेठची पाटी वाचली नव्हती, असं ते स्वतः सांगत.

एकदा एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर गाडीच्या पेट्रोलची नळी घ्यायला आला. हवी ती नळी चाचांकडे त्या दिवशी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, ही पाण्याचीच कापून द्या, गावापर्यंत पोचलो म्हणजे झालं. चाचा देईनात. ड्रायव्हरनं थेट साहेबांना फोन लावून चाचांच्या कानाला दिला. साहेब म्हणाले, अरे चाचा, काहीही द्या, चालतं. चाचांनी फार अदबीनं उत्तर दिलं, "साहेब, मतदाराला चालतं. पेट्रोलला न्हाई चालत." आणि फोन परत केला. पुढे साहेब निवडून आले, आणि नळी त्यांनी चाचांकडूनच नेली.

नळी पारखायची चाचांची एक रीत होती आणि तिच्यात ते कुणाला ढवळाढवळ करू देत नसत. आधी नळी तीन बोटांत धरून वाकवायची. वाकल्यावर तिला पांढरी घडी पडली की ती नापास. मग आतून फुंकर मारायची आणि दुसऱ्या टोकाला नाक लावायचं. मग टोकाचा इंचभर तुकडा कापून उकळत्या पाण्याच्या ग्लासात टाकायचा, वर बशी झाकायची आणि दहा मिनिटं दुसऱ्या कामाला लागायचं. दहा मिनिटांनी बशी उचलून वास घ्यायचा. "थंडीत समदे शरीफ असतात," चाचा म्हणायचे. "गरम पाण्यात घातल्यावर कळतं कोण काय हाय ते."

हा ग्लास दुकानाच्या फळीवर उघडपणे पडलेला असे. एकदा आमचे तलाठी बोलता बोलता तोच उचलून अर्धा प्याले. चाचांनी पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. तलाठ्यांनी ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले की चहा बरा आहे, पण पत्ती कमी पडली. चाचांनी ती नळी विकायला ठेवली. सरकारी माणसाला वास आला नाही म्हणजे नळी चांगलीच असणार, असा त्यांचा हिशेब होता.

दोन गोष्टी मी आयुष्यात केल्या नाहीत, असं चाचा सांगत. चुकीची नळी दिली नाही आणि दारूसाठी नळी दिली नाही. दुसऱ्या गोष्टीची परीक्षा वारंवार होई, कारण हातभट्टीलाही नळी लागतेच. एकदा एक जण लांब नळी मागायला आला आणि आतून काय जाणार या प्रश्नाला म्हणाला, गुलाबपाणी. घरी गुलाबपाणी काढतो. चाचांनी विचारलं, गुलाब कुठले? तो म्हणाला, इथलेच.  "आमच्या परळीत राख उगवती," ते म्हणाले. "गुलाब कवापासून उगवाय लागला?" तो माणूस आल्या पावली परत गेला.

पहिल्या गोष्टीचं मूळ त्या बटण लावलेल्या बाहीखाली होतं. हे मला त्यांच्याकडून नाही, बाजारातल्या लोकांकडून कळलं. चाचा तरुणपणी एका तेलाच्या गिरणीत फिटर होते. एकदा घाईच्या दिवसांत त्यांनी वाफेच्या जागी पाण्याची नळी लावली. ती फुटली. चाचांचा हात भाजला आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा चेहरा. मी एकदा धीर करून त्यांना हाताबद्दल विचारलं होतं. "पाण्याची नळी वाफंला लावली व्हती," ते म्हणाले. "लावणारा मीच." एवढं बोलून त्यांनी फडकं उचललं. त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

आता आमच्या तांदळे सरांकडे वळतो. तांदळे सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ते पुण्याला मेव्हण्याकडे गेले आणि तिथं मेव्हण्यानं घरी केलेली बिअर पिऊन आले. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. जव भिजवायचे, गरम पाण्यात मुरवायचे, ते पाणी गाळून कडू फुलांबरोबर उकळायचं, निववायचं, यीस्ट घालून आंबवायचं आणि बाटल्यांत भरायचं. सर म्हणत, यात दारूचा काही संबंध नाही, ही शुद्ध जीवरसायनशास्त्राची क्रिया आहे. कायदा याबद्दल काय म्हणतो हे विचारायला आम्ही कुठे गेलो नाही. उत्तर ठाऊक असलं की प्रश्न विचारू नये, एवढं आम्ही प्राध्यापक जाणून असतो.

जव आले, फुलं आली, यीस्ट कुरिअरनं आलं. पिंप आणि बाटल्या जमल्या. राहिली नळी. पातेल्यातून पिंपात आणि पिंपातून बाटल्यांत नेणारी. आणि परळीत नळी म्हटल्यावर सरांना चाचांकडे जावं लागलं. चाचांनी फडकं खाली ठेवून त्यांचा प्रश्न विचारला. तांदळे सरांसारखा मोठा माणूस, नावाआधी डॉक्टर लावणारा, त्या वृद्ध नमाजी माणसासमोर उभा राहून बिअर हा शब्द उच्चारू शकला नाही. तोंडातून निघून गेलं, काढा. आईसाठी आयुर्वेदिक काढा.

चाचा एकदम हळवे झाले. हल्ली आईसाठी काढा कोण करतो? त्यांनी विचारलं, काढा गरम असताना नळीतून जाणार का निवल्यावर? सर फसले ते इथं. आईला उकळता काढा कोण पाजेल? ते म्हणाले, कोमट. अगदी कोमट. चाचांनी खाण्यापिण्याची पारदर्शक मऊ नळी काढली, वाकवली, फुंकली, कापून दिली. वर आईला सलाम सांगितला.

सरांनी त्या नळीतून उकळता रस ओतला. नळी शिजलेल्या शेवयांसारखी लोळागोळा झाली. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तेव्हा बिअरला नव्या रेक्झिनच्या खुर्चीचा वास येत होता. सर चिडले, आणि सगळ्या स्टाफरूमला सांगत सुटले की गफूरचाचांची नजर गेली, आता त्यांच्याकडे जाऊ नका, म्हातारा काहीही गळ्यात मारतो.

पुढची चूक माझी. मी कूलरची नळी घ्यायला चाचांकडे गेलो होतो. चाचा मापानं नळी कापत होते. मी गमतीनं म्हणून गेलो की चाचा, तांदळे सरांच्या काढ्याला तुमच्या नळीचा वास आला म्हणे. चाचांची सुरी अर्ध्यात थांबली. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं की आणखी कुणाकुणाला सांगितलं सरांनी. मी खरं सांगितलं. त्यांनी माझी नळी पुरी कापली, पण तिरकी. ती मी घरी आणून ठेवली आहे. चाचांनी तिरकी कापलेली परळीतली ती एकमेव नळी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता चाचांचं दुकान बंद होतं. प्रकाशशेठ बाहेर येऊन कुलपाकडे पाहत उभे होते म्हणे. चाचा स्कूटर घेऊन तांदळे सरांच्या घरी गेले होते, आणि पत्ता मीच दिला असल्यामुळे मीही तिथं होतो.

सरांनी चाचांना पाहिलं आणि दोन बाटल्या घाईनं सोफ्याखाली सारल्या. चाचा बसले. आधी आईंना भेटतो म्हणाले. त्यांच्यासाठीचा तो काढा मीच बिघडवला, त्यांची माफी मागतो. तांदळेवहिनी पाणी घेऊन आल्या. त्यांना या प्रकरणातला काढा ठाऊक नव्हता.

"सासूबाई?" वहिनी म्हणाल्या. "त्या तर वरीस झालं वडवणीला थोरल्या दिरांकडं हायेत. कसला काढा, चाचा?"

सर छताकडे पाहू लागले. मी वर्तमानपत्र उघडलं. वहिनी एकदा नवऱ्याकडे, एकदा चाचांकडे पाहून सगळं समजल्या, आणि बरेच दिवस मनात साठवलेलं त्यांनी एका दमात बाहेर काढलं. काढाबिढा काही नाही, बिअर आहे ती. ती पण माझ्या पुरणाच्या पातेल्यात केली. घासून घासून हात गेले, पण वास जात नाही. होळीला पुरण कशात शिजवू?

चाचा उठले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी ती नळी मागितली. सरांनी मोरीतून आणून दिली. चाचांनी तिची घडी पाहिली, आत डोळा लावला, वास घेतला. मग नळी मांडीवर ठेवून सरळ करत राहिले, जणू ती दुखावली होती.

"सर, तुमी काय पिता ते तुमचं अन् तुमच्या देवाचं," ते म्हणाले. "त्याचं मला न्हाई. पण नळीला खोटं काहून सांगितलं? कोमट म्हनून लावलं बिचारीला उकळत्यात."

सर काहीतरी पुटपुटले. रसायनशास्त्राचा प्राध्यापक नळीची माफी मागतो आहे, असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही.

चाचा ती नळी घेऊन गेले, पण प्रकरण त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढचे चार-पाच दिवस ते गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायचेसुद्धा विसरत होते. मी जाऊन बसलो तेव्हा म्हणाले की मास्तर, मी मोठ्या पेचात आहे. नळी चुकीची गेली, ती माझ्या हातानं. ती दुरुस्त केल्याशिवाय मला झोप नाही. आणि दुरुस्त करायची तर दारूसाठी नळी द्यावी लागते. आयुष्यात न केलेल्या दोन गोष्टी एकमेकींच्या अंगावर आल्या होत्या. मी सुचवलं की सोडून द्या, खोटं सर बोलले, दोष त्यांचा. चाचांनी डाव्या बाहीच्या बटणाला हात लावला आणि म्हणाले, जळणारा माणूस हे विचारत बसत नाही की दोष कुणाचा.

शुक्रवारी नमाज झाल्यावर त्यांनी सरांना दुकानात बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, आणि बोलणं सुरू केलं ते 'समजा' या शब्दानं.

"समजा," चाचा म्हणाले, "एक चीज हाय. तिचं नाव मला ठाऊक न्हाई, अन् तुमी सांगू नका."

नाव सोडून बाकी सगळं त्यांनी विचारून घेतलं. किती तापते? किती वेळ नळीत राहते? आंबट आहे का? आत वायू धरतो का? नळी धुता कशानं? सर पहिल्यांदाच खरं बोलत होते आणि चाचा मान हलवत होते. मग निवाडा झाला. एक नळी नाही, दोन लागतील. उकळत्यासाठी सिलिकॉनची. ती तापली तरी तिची शुद्ध हरपत नाही. पण तिच्या अंगात वास मुरतो, म्हणून तिला दुसऱ्या कामाला लावायचं नाही, आणि तयार चीज तिच्यातून न्यायची नाही, कारण ती हवा आत घेते. निवलेल्यासाठी पारदर्शक, खाण्यापिण्याची, म्हणजे आत काही चिकटलं तर डोळ्याला दिसेल. लांबी लागेल तेवढीच, बोटभरही जास्त नको, कारण जास्तीच्या वळणात घाण बसते. टोक आडवं सरळ कापायचं. तोटीवर बसत नसेल तर गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं, तेल लावायचं नाही. आतून ओरखडा पडला की फेकून द्यायची. आणि तोंडानं ओढून धार सुरू करायची नाही, नळी पाण्यानं भरून लावायची. आपलं तोंड कुठं कुठं असतं, असं चाचा म्हणाले आणि सरांकडे न बघता खोकले.

मग परीक्षा. चाचांनी पाच तुकडे पाच ग्लासांत टाकून बशा झाकल्या आणि सरांना एकेक बशी उचलून, वास घेऊन, उकळत्याला चालेल ती नळी ओळखायला लावली. सर तीनदा चुकले. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत एवढा घाम आला नव्हता, असं ते नंतर म्हणाले. चौथ्यांदा बरोबर आलं तेव्हा चाचांनी त्यांच्या पाठीवर थाप दिली.

सर खुशीत म्हणाले की चला, याच दोन कापून द्या. चाचांनी मान हलवली. ते शटरपाशी गेले, वाकून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

"समोर जा. आत डाव्या हाताला, तिसऱ्या खणात दोनी हायेत. त्याला ठाऊक न्हाई काय हाय ते, पण माल लई चांगला हाय."

वीस वर्षं त्या दुकानाकडे न पाहिलेल्या माणसाला तिथला तिसरा खण तोंडपाठ होता.  प्रकाशशेठनं नळ्या कापून दिल्या आणि त्या दिवसापासून ते सगळ्या बाजाराला सांगू लागले की गफूरचाचा आता गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवतात. चाचांच्या कानावर ते आलं. त्यांनी फक्त जुनी नळी, सरांची ती घडी पडलेली, सुरीनं बारीक तुकडे करून टाकली, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या हाती लागू नये.

तरी एक गोष्ट उरलीच. आपण सांगितलेली नळी बरोबर निघाली की नाही, हे चाचांना कळणार कसं? जगातली प्रत्येक नळी त्यांनी नाकानं तपासली होती, पण ही त्यांना तपासता येत नव्हती. बाटल्या भरल्यापासून ते दर दोन दिवसांनी मला विचारत की मास्तर, किती दिवस राहिले? सरांनी रविवार ठरवला. दुपारी चार वाजता मी आणि सर गच्चीवर बसलो. चाचा घरात यायला तयार नव्हते. जिथं ती चीज उघडणार त्या छताखाली ते बसणार नव्हते, आणि निकाल ऐकल्याशिवाय जाणारही नव्हते. म्हणून ते खाली फाटकाबाहेर स्कूटरला टेकून, मान वर करून उभे राहिले.

सरांनी बाटली उघडली. फेस आला. आम्ही प्यालो. सर डोळे मिटून राहिले. मला जे वाटलं ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

खालून चाचांनी विचारलं, वास हाय का?

सर कठड्यापाशी गेले आणि म्हणाले, उत्तम, चाचा, एकदम उत्तम. मी म्हणालो, फारच छान, जरा वेगळी. चाचा तसेच उभे. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि का असावा? एक जण आईच्या नावानं खोटं बोललेला, दुसरा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. गल्लीतून दोन सायकली गेल्या. चाचांची मान वरच होती. आमच्यापैकी कुणीही शपथेवर काही सांगितलं असतं तरी ते तिथून हलले नसते, हे दोघांनाही कळलं.

त्याच वेळी वहिनी गच्चीवर सांडगे काढायला आल्या. त्यांनी सरांचा ग्लास पाहिला, खाली चाचांना पाहिलं, आणि काही न विचारता ग्लास उचलून एक मोठा घोट घेतला. आयुष्यातला पहिला. त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी तोवर कुणाचा पाहिला नव्हता. त्या तोंडावर पदर धरून कठड्याकडे धावल्या, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं एक वाक्य बोलल्या.

ते ऐकून चाचा हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. उजवा हात छातीवर ठेवून त्यांनी वहिनींना सलाम केला, स्कूटरला लाथ मारली आणि स्टेशनकडे निघून गेले. त्याच महिन्यात दुकान पुतण्याकडे सोपवून ते मुलीकडे हैदराबादला गेले आणि पुढच्या वर्षी तिथंच वारले. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. तेव्हा फाटकाबाहेर मान वर करून उभे असलेले चाचा, आणि कठड्यावरून ओणव्या झालेल्या वहिनी, एवढंच माझ्यापाशी आहे. वहिनी बोलल्या ते शब्द असे:

"चाचा, नळीचा वास कणभर न्हाई बघा! पर बाकी समदं, आईशप्पत, म्हशीच्या औषधावानी लागतंय!"